कोकणात कुत्रा पाळताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिन्यात हौसेने पिल्लू आणलं जातं, जूनमध्ये पाऊस लागतो आणि प्रश्न सुरू होतात. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या किनारपट्टीवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. औषधांचं प्रमाण मुद्दाम दिलेलं नाही. ते कुत्र्याचं वजन आणि तब्येत बघून डॉक्टरांनीच ठरवायचं.

बागेच्या राखणीला कुत्रा हवाय. कोणता घ्यावा?

गावठीच. अंगावर आखूड केस, सडपातळ बांधा, दमट हवेची सवय आणि वाडीतली ये-जा कळण्याची अक्कल. आणखी काय हवं?

पण राखण म्हणजे काय, हे आधी ठरवून घ्या. कुत्रा भुंकतो आणि तुम्हाला उठवतो, एवढंच त्याचं काम. वानरांची टोळी नारळावर चढली की तो खाली थयथयाट करेल, पण मोठा हुप्प्या उलटला तर त्याचे सुळे कुत्र्याला फाडू शकतात. रानडुकराचंही तेच. एकट्या कुत्र्याच्या भरवशावर काजूची बाग टाकून मुंबईला गेलात, तर बाग राहणार नाही आणि बहुधा कुत्राही. कोकणात खरा प्रश्न असा असतो की राखण करणाऱ्याची राखण कोण करणार. खालची बरीचशी उत्तरं त्याचीच आहेत.

मुलाला हस्की हवाय. एसी लावला तर चालेल ना?

वीज गेल्यावर काय करणार?

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकतो, जिभेवरचं आणि श्वासनलिकेतलं पाणी वाफ होऊन उडतं आणि अंग थंड होतं. हवेतच ओल भरलेली असली की ही वाफ नीट होत नाही. म्हणून देशावरच्या कोरड्या उन्हापेक्षा आपल्याकडचा मे आणि ऑक्टोबर कुत्र्याला जास्त त्रासाचा. दाट केसांच्या हस्कीला आणि चपट्या नाकाच्या पगला तर फारच. लॅब्रॅडॉर निभावून नेतो, पण पावसाळ्यात त्याचे कान आणि कातडी सांभाळताना तुमचा घाम निघेल.

कुत्रा फार धापा टाकतोय, लाळ गळतेय, चाल लडखडतेय असं दिसलं तर सावलीत न्या, अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि लगेच डॉक्टरांना फोन करा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

शेजारच्या कुत्रीला पिल्लं झालीत. महिन्याचं पिल्लू आणलं तर लवकर लळा लागतो म्हणतात, खरं का?

लळा दोन महिन्यांच्या पिल्लालाही लागतो. आठ आठवडे त्याला आईजवळ आणि भावंडांत राहू द्या. किती जोरात चावलं की समोरचा ओरडतो, हे ते तिथेच शिकतं. आधी उचललेलं पिल्लू पुढे खेळताना दात आवरत नाही, आणि मग 'कुत्रा चावरा निघाला' म्हणून त्याच्या नावाने शिमगा.

लसी कोणत्या आणि कधी?

साधारण सहा ते आठ आठवड्यांपासून पार्वो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या आजारांवरची लस सुरू होते. तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत ती पुन्हा द्यावी लागते. एक टोचून घेतली म्हणजे काम झालं, असं नाही. पार्वोत उलट्या आणि रक्ताची हगवण लागते, पिल्लू दोन-तीन दिवसांत जाऊ शकतं. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, मग बूस्टर, मग दरवर्षी.

कोकणात लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसची, लस विसरू नका. उंदरांच्या मुतातून हा जंतू पाण्यात आणि चिखलात येतो, आणि लावणीच्या दिवसांत माणसांनाही होतो हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. खाचरात उंडारून आलेला कुत्रा आजारी पडला तर त्याच्या लघवीतूनही जंतू बाहेर पडतो. म्हणून ती लस त्याच्यासाठी तितकीच तुमच्यासाठी.

तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करा. 'गुरांचा डॉक्टर' म्हणतो तोच कुत्र्यांनाही बघतो. लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी माणसाला रेबीजची पहिली लस टोचली. त्याची आठवण म्हणून ६ जुलैला प्राणिजन्य आजारांचा दिवस पाळतात आणि बऱ्याच ठिकाणी त्या सुमारास कुत्र्यांचं मोफत लसीकरण असतं.

आमचाच कुत्रा आहे, खेळता खेळता दात लागला. तरी इंजेक्शन घ्यायचं?

जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा मिनिटं, कारण दोन मिनिटांत माणसाला वाटतं की झालं. मग प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि कुत्र्याचं लसीकरणाचं कार्ड दाखवून डॉक्टरांना ठरवू द्या. हळद, चुना, मिरचीपूड काही भरू नका. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही, असंच धरून चालायचं. 'घरचाच आहे' हा काही डॉक्टरी तपास नव्हे.

गोचीड जातच नाहीत. काढून काढून थकलो.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि उत्तर कुत्र्याच्या अंगावर नाही, भिंतीत आहे.

कुत्र्यावरची तपकिरी गोचीड रक्त पिऊन टम्म झाली की खाली पडते, आणि चिऱ्याच्या भेगेत, पडवीच्या कोपऱ्यात किंवा वाशांच्या खाचेत शिरून हजारांनी अंडी घालते. तिथून निघालेली बारीक पिल्लं पुन्हा कुत्र्यावर चढतात. तुम्ही अंगावरच्या वेचत बसता, तोवर भिंतीत पुढची पिढी तयार असते. आपली जुनी घरं जांभ्या दगडाची, सांधे उघडे. तिला राहायला याहून चांगली जागा कुठली?

म्हणून कुत्रा आणि घर दोन्हींचा बंदोबस्त एकाच वेळी करायचा. कुत्र्याला डॉक्टरांनी दिलेली गोळी, मानेवर टाकायचे थेंब किंवा औषधी पट्टा. त्याच वेळी त्याच्या बसण्याच्या जागेच्या भेगा सिमेंटने किंवा मातीने बुजवायच्या, अंथरूण उकळत्या पाण्यातून काढायचं. पंधरा दिवसांनी भिंत पुन्हा टॉर्च लावून बघायची. एकदा करून सोडलं तर काही उपयोग नाही.

रॉकेल, डिझेल, फिनेल अंगाला चोळू नका. कातडी भाजते, आणि कुत्रा ते चाटतो ते वेगळंच. गुरांच्या गोचिडांचं औषध अंदाजाने पाण्यात मिसळून लावण्याचीही पद्धत आहे. त्याने कुत्रे मरतात. घरात मांजर असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण कुत्र्याला चालणारी काही औषधं मांजराला विषारी असतात.

गोचिडांमुळे ताप येतो. कुत्रा जेवायचा थांबला, मलूल झाला, हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी गडद तांबडी झाली, यांतलं एकही दिसलं तर 'उद्या बघू' म्हणू नका. कुत्र्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे हात लावून ताप कळत नाही. थर्मामीटर घ्या. रक्त तपासून वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक कुत्रे उठून बसतात.

पावसाळ्यात त्याला कुठे ठेवावं?

पडवीत, ओल चढणार नाही असं. जमिनीवर गोणपाट टाकलं की दोन दिवसांत ते ओलं होतं आणि आठवड्यात कुजका वास येतो. विटा ठेवून वर लाकडी फळी टाका आणि त्यावर गोणपाट. दोन गोणपाटं असावीत, एक चुलीजवळ वाळत घालायला. बाहेरून आला की पोट, काखा आणि मुख्य म्हणजे बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा. तिथेच बुरशी धरते. कान रोज हुंगून बघा. आंबूस वास आला की समजा सुरुवात झाली.

चूल पेटती असेल तिथे, तर तो स्वतःच वैलाजवळच्या राखेत जाऊन झोपेल. झोपू द्या. अंग राखाडी होईल, पण कोरडं राहील.

आजी म्हणते कुत्रा घरात नको. सोवळ्याचं कसं करायचं?

आजीशी वाद घालू नका, कुत्र्याला उंबरठा शिकवा. ओटी-पडवी त्याची, माजघरापासून पुढे बंदी. घरातल्या सगळ्यांनी एकच नियम पाळला तर कुत्रा हे पटकन शिकतो. नातू हळूच आत घेतो आणि आजी काठी उगारते, अशा घरात तो कधीच शिकत नाही, आणि दोष त्याचा नसतो. तुळशीवृंदावनाभोवती टांग वर करण्याची सवय लागू नये म्हणून सकाळी उठल्याउठल्या त्याला आधी गडग्याबाहेर, म्हणजे दगडी कुंपणाबाहेर, न्या. एकदा तिथे वास बसला की तो रोज तिथेच जाणार.

अनुभव असा की महिन्याभरात आजीच भाकरीचा पहिला तुकडा मोडून ठेवते. उंबरठा मात्र कायम राहतो.

जेवायला काय द्यावं? आम्ही मासे खातो तेच देतो.

मासे उत्तम, पण उकडून, काटे काढून आणि बिनमिठाचे. कालवणातला बांगडा नाही, कारण त्यात कांदा-लसूण, तिखट, मीठ सगळं असतं, आणि कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. सुकट आणि खारा बांगडा मिठामुळे नको. कच्चे मासे रोज घालू नका, काही जातींच्या कच्च्या माशांत जीवनसत्त्व बी-१ मोडणारा घटक असतो. कोंबडीची शिजवलेली हाडं कधीच नाहीत, त्यांच्या अणकुचीदार चिपा होतात.

नुसत्या पेजेवर आणि भातावर कुत्रा जगतो, पण अंग धरत नाही. भातात अंडं, उकडलेली तारली, थोडा भोपळा घाला. दूध पचत नसेल तर जुलाब होतात, हट्ट नको. चॉकलेट आणि मनुका-बेदाणे विषारी आहेत. गोड चेहऱ्याने मोदकाकडे बघत बसला, तरी आत बेदाणा घातलेला असेल तर नाही म्हणजे नाही.

आंबे-फणसाचं काय?

हापूसचा रस चाटला तर काही होत नाही. बाठा मात्र उचलून ठेवा. कुत्रा तो गिळतो, आतड्यात अडकतो आणि थेट ऑपरेशनची वेळ येते. मे महिन्यात उलट्या होतायत आणि शी होत नाही, असं असेल तर डॉक्टरांना बाठ्याची शंका स्वतःहून सांगा. फणसाचा एखादा गरा चालतो, पण चीक केसांना लागला की खोबरेल लावूनच काढावा लागतो. काजूच्या कच्च्या बीच्या टरफलातलं तेल माणसाचे हात सोलतं, तसंच कुत्र्याचं तोंडही. बिया वाळत घातल्या असतील तिथे त्याला फिरकू देऊ नका.

जाता जाता, भाताच्या कणग्यांजवळ उंदरांचं औषध ठेवत असाल तर कुत्रा आधी बांधा. आणि तुमच्या डोकेदुखीच्या गोळ्या त्याला देऊ नका.

समुद्रावर मोकळा सोडला तर काय बिघडतं?

सकाळी-संध्याकाळी पळू दे, त्याच्यासारखं सुख नाही. भरतीची रेघ हुंगत, खेकड्यांच्या बिळांत नाक खुपसत, उगाचच लाटेवर भुंकत. दुपारी मात्र नको. तळपायाने वाळू तुम्हाला सोसत नसेल तर त्यालाही सोसत नाही. गोडं पाणी बरोबर न्या, नाहीतर तो खारं पितो आणि घरी येऊन जुलाब. रापणीनंतर किनाऱ्यावर टाकलेल्या माशांत फुगून गोल झालेला केंड असतो, तो विषारी आहे. तुटक्या जाळ्याचे तुकडे आणि गळ पायात रुततात.

सडका मासा दिसला की तो त्यात लोळणार. ओरडून उपयोग नाही, त्याच्या लेखी तुम्ही मध्ये येणारा अडाणी माणूस. न्हाणीत न्या आणि दोनदा धुवा.

एका गोष्टीत मात्र कडक राहा. ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यांवर अंडी घालतात, आणि पिल्लं उन्हाळ्यापर्यंत बाहेर पडत राहतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून त्यांच्या घरट्यांचं संरक्षण सुरू झालं, नंतर आंजर्ले, गुहागर अशा कितीतरी किनाऱ्यांवर ते काम पसरलं. कुत्रे ही घरटी उकरतात. नोव्हेंबर ते मे या काळात अशा किनाऱ्यावर कुत्रा साखळीनेच न्या, आणि रात्री नेऊच नका.

फुरसं चावलं तर?

सड्यावर म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावर, दगडांच्या ढिगात, गवताच्या भाऱ्याखाली फुरसं हा विषारी साप असतो. कुत्रा नाक घालतो, म्हणून दंश बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर. भराभर सूज येते, दंशातून किंवा हिरड्यांतून रक्त थांबत नाही. घोणस चावली तरी साधारण असंच दिसतं. नाग-मण्यार चावली तर मात्र पाय लुळे पडतात आणि श्वास मंदावतो.

पट्टा काढा, कारण सूज आल्यावर तो फास बसतो. कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या. आवळून बांधणं, कापणं, मंत्र टाकायला थांबणं, सगळं वेळ घालवणं आहे. माणसाला देतात तीच सर्पविषावरची लस कुत्र्यालाही देतात, पण ती प्रत्येक पशुवैद्यकाकडे नसते. म्हणून आजच दोन-तीन दवाखान्यांना फोन करून कुठे मिळते ते विचारून ठेवा आणि नंबर दारामागे लिहून ठेवा.

बिबट्या येतो म्हणून रात्री दारात बांधून ठेवतो. बरोबर ना?

अगदी उलटं. साखळीने बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला वाढून ठेवलेलं ताट. कुत्रा हे त्याचं आवडतं भक्ष्य आहे, आणि बांधलेल्याला पळताही येत नाही. दिवे लागल्यावर कुत्रा बंद पडवीत, दाराला कडी. दार नसेल तर निदान मजबूत जाळीचं खुराडं, वरूनही बंद असलेलं. मासे-मटणाची घाण घराजवळ टाकू नका. तिच्यावर मोकाट कुत्रे जमतात आणि त्यांच्या मागावर बिबट्या येतो.

'मग राखण कोण करणार?' असं लगेच विचारलं जातं. आतून भुंकला तरी ऐकू येतं.

अमावास्येला मध्यरात्री काहीच नसताना भुंकतो. त्याला काही दिसतं का?

दिसण्यापेक्षा ऐकू येतं. माणसाचा कान साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, कुत्र्याचा ४५ हजारांच्या आसपास. मागीलदारी घूस, साळिंदर, उदमांजर, आणि पलीकडच्या सड्यावर कोल्हा, हे सगळं तुम्ही गाढ झोपेत असताना चालू असतं. वाडीच्या राखणदार देवाला नारळ जरूर द्या, पण आधी टॉर्च मारून कोंबड्यांचं खुराडं बघा.

गणपतीला मुंबईहून कुत्रा आणायचाय. प्रवास कसा करावा?

रेल्वेने आणायचा तर फर्स्ट क्लासमध्ये दोन किंवा चार बर्थचा पूर्ण कूपे आपल्या नावावर असावा लागतो. नाहीतर गार्डच्या डब्यातली कुत्र्याची पेटी. दोन्हीचं बुकिंग पार्सल ऑफिसात, लसीकरणाचे कागद दाखवून. स्लीपरमध्ये किंवा थ्री-टायरमध्ये चालत नाही. गणपतीच्या गर्दीत कूपे मिळणं म्हणजे नशीबच, त्यामुळे बहुतेक जण गाडीनेच आणतात. निघण्याआधी पोटभर जेवण नको, घाटात उलटी होते. दाभोळ-धोपावेच्या फेरीबोटीवर गाडीतच ठेवा, पण काच उघडी.

गावी आल्यावर पट्ट्यावर फोन नंबर लिहा. आरत्या, फटाके, अनोळखी माणसं यांनी शहरातला कुत्रा बिथरतो आणि पाखाडीच्या दगडी वाटेने सुटला की त्याला घरचा रस्ता ठाऊक नसतो. शिमग्याला पालखी दारी येते तेव्हा गावच्या कुत्र्यालाही आतल्या खोलीत ठेवावं, ढोल अंगणातच वाजतो.

आणि जाताना गावीच ठेवला तर? मोकळी हवा मिळेल.

कोणाच्या जिवावर? शेजारच्या काकू पेज घालतील, हे तुम्ही काकूंना विचारलंय का? गोचीड, बिबट्या, फुरसं, गावच्या कुत्र्यांची टोळी, यांतलं काहीच फ्लॅटमध्ये वाढलेल्या कुत्र्याला माहीत नसतं. गणपती विसर्जनानंतर कितीतरी गावांत पट्टा असलेले पण मालक नसलेले कुत्रे एसटी थांब्यावर बसलेले दिसतात. येणाऱ्या प्रत्येक गाडीपाशी जातात, हुंगतात, परत येऊन बसतात.

कायद्यानेही हे चालत नाही. उपाशी-तहानलेला राहील अशा स्थितीत प्राणी सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. आखूड साखळीला तासन्‌तास बांधून ठेवणंही त्याच कलमात येतं. आणि निष्काळजीपणे सोडलेल्या कुत्र्यापासून कोणाच्या जिवाला धोका झाला, तर भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ मालकाला लागू होतं.

नसबंदी करावी का? पाप लागतं म्हणतात.

पिल्लं गोणीत भरून पाणंदीला सोडण्यात जे काही लागत असेल, त्यापेक्षा कमीच. कुत्री साधारण ६३ दिवसांत विते, वर्षातून दोनदा माजावर येऊ शकते. वय सहा महिन्यांच्या पुढे गेलं की डॉक्टरांशी बोला. पावसाळ्यात टाके चिघळतात, शक्यतो दिवाळीनंतर करा.

पोरं अंगणात अनवाणी खेळतात. कुत्र्याच्या शी-चा काही त्रास?

होतो. अंकुशकृमीच्या अळ्या ओलसर वाळूतून आणि मातीतून उघड्या पायात शिरतात, आणि कातडीखाली नागमोडी, खाजरी लाल रेघ उठते. कुत्र्याला नेमाने जंताचं औषध द्या, शी उचलून खड्ड्यात पुरा. माडाच्या आळ्यात टाकू नका, तिथेच पोरं नाचतात.

नाव काय ठेवावं?

दोन अक्षरी, लांबून हाक मारता येईल असं. 'बस', 'नको' यांच्या जवळ जाणारं नको, गोंधळ होतो. वाडीतल्या कोणा वडीलधाऱ्याचं लाडाचं नाव तर नाही ना, हे आधी चौकशी करून घ्या. संध्याकाळी गडग्यावर उभं राहून 'बाळ्या, गप बस' ओरडलात आणि पलीकडे खरोखरचे बाळ्याकाका सुपारी कातरत बसलेले असले, तर पुढच्या ग्रामसभेत तुमच्या पाण्याच्या कनेक्शनचा विषय निघतो. मोत्या ठेवायला हरकत नाही, फक्त वाडीत आधीच मोत्या खंडीभर असतात. भांडं वाजवून हाक मारली की सगळेच येतात.